शेवटची रापण

मे महिना सरत आला होता आणि आमच्या सुट्टीचे तीनच दिवस उरले होते. मालवणच्या दांडी किनाऱ्यावर पर्यटकांच्या होड्या वर ओढून ठेवल्या होत्या. समोर सिंधुदुर्गाच्या तटावर लाटा फुटत होत्या. घरची मंडळी बॅगा भरण्याच्या विचारात होती. मला मात्र आठवडाभर या पाण्यात डुंबूनही ते काहीच कळलं नाही याची चुटपुट लागली होती. म्हणून पहाटे उठून रापण बघायला गेले.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं. दोराचं एक टोक वाळूवरच्या माणसांच्या हाती देऊन होडी निघते, जाळं सोडत सोडत समुद्रात अर्धवर्तुळ घेते आणि लांबवर दुसरं टोक घेऊन किनाऱ्याला लागते. मग दोन तुकड्या दोन्हीकडून ओढू लागतात. त्या दिवशी तीस-पस्तीस माणसं होती, तरीही कमीच पडत होती.

"वयनी, बघीत काय रवलास? येवा, दोर धरा!"

मी धरला. हे हातांचं काम असावं असं मला वाटत होतं. पण टाचा वाळूत रोवायच्या, अंग मागे झोकून द्यायचं आणि एकेक पाऊल मागे सरकायचं, असं ते असतं. सगळ्यात मागे पोचलेला माणूस दोर सोडतो, पाण्यापर्यंत चालत जातो आणि पुन्हा पुढून धरतो. मागे एक वयस्कर बाबा आलेल्या दोराची वेटोळी घालत होते. मी लाट परतत असताना जिवाच्या आकांताने ओढत होते, तेव्हा त्यांनीच मला थांबवलं. पाणी मागे जाताना नुसतं धरून राहायचं, पुढची लाट जाळं आत ढकलते त्या क्षणी ओढायचं. त्यानंतर मी लाटांकडे पाहिलं ते वेगळ्याच नजरेनं. आठवडाभर मला त्या सगळ्या सारख्याच दिसत होत्या.

दोन्ही तुकड्या हळूहळू एकमेकींकडे सरकत आल्या. जाळ्याच्या कडा दिसू लागल्या तसा आरडाओरडा वाढला. खालचा दोर वाळूला चिकटून राहिला पाहिजे, नाहीतर मासळी खालून निसटते. म्हणून चार-पाच जण कमरेएवढ्या पाण्यात उतरून तो पायांनी दाबत होते. मधली पिशवी वर आली. तारली, पेडवे, मोजके बांगडे, दोन कुर्ल्या, आणि त्याहून जास्त जेलीफिश. त्या वेचून टाकण्यातच बराच वेळ गेला.

मग वाटे पडले. जाळ्याचा, होडीचा आणि ओढणाऱ्या प्रत्येकाचा. माझ्याही ओंजळीत तारली आली. मी नको म्हटलं, तर बाबांना ते आवडलं नाही. दोर धरला म्हणजे वाटा आलाच.

पूर्वी बांगड्याची रास पडायची, असं इथे प्रत्येक जण सांगतो. ते नुसतं जुन्या दिवसांचं कौतुक नव्हे. रापण माशाच्या मागे जाऊ शकत नाही, तो किनाऱ्याशी येईल तेव्हाच तिला मिळतो. बाहेर पर्ससीनच्या जाळ्याने थवाच्या थवा वेढला की इथे पोचणार काय? २०१६ साली राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध घातले, पण तक्रारी आजही थांबलेल्या नाहीत. माझं मन रापणकरांच्या बाजूचं आहे, आणि ते लपवावंसं वाटत नाही.

१ जूनपासून यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. बिनइंजिनाच्या होडीला ती लागू नाही, तरी रापणकर आपण होऊन थांबतात. वारा फिरला, उधाणाचं पाणी माडांच्या मुळांशी आलं, की जाळं टाकणं म्हणजे ते फाडून घेणंच.

आम्ही निघायच्या सकाळी जाळं धुऊन वाळत पडलं होतं. ओंडक्यांवरून होडी वर चढवायला माणसं कमी पडत होती. माझा मुलगा बॅग टाकून धावला, पाठोपाठ नवराही. होडी माडांखाली आली, तिच्यावर झापं अंथरली गेली.

"नारळी पुनवेनंतर पुन्हा सोडणार ना?" मी बाबांना विचारलं.

"दर्यान सोडल्यान तर," ते म्हणाले, आणि झापांवर ठेवायला आणखी एक दगड आणायला गेले.