कुरडईचा पैरा

पहाटेचे साडेचार वाजले होते. लोणी देवकर गावातल्या एका अंगणात चूल धडधडून पेटली होती. पुणे-सोलापूर महामार्गावरच्या ट्रकांची घरघर अंधारातून येत होती. मोठ्या पातेल्यात मीठ-हिंग घातलेलं आधण उकळत होतं आणि त्याच्याभोवती चौघी पदर खोचून उभ्या होत्या. अंगण एकीचं, पातेलं दुसरीचं, पितळी सोऱ्या तिसरीच्या सासूचा. गहू चौथीचा, कारण आजचा दिवस तिचा. उद्या हाच गोतावळा दुसऱ्या कुणाच्या तरी दारात जमणार होता.

या चौघींचा उन्हाळी वाळवणाचा धंदा वेगवेगळा आहे. कुरडया, पापड, सांडगे, शेवया हाच माल चौघीही विकतात. पाकिटं वेगळी, गिऱ्हाइकं वेगळी, पण बाजार बहुतेक वेळा एकच. एका अर्थाने त्या एकमेकींच्या स्पर्धक आहेत. तरीही चैत्र लागला की चौघी एका चुलीपाशी येतात. हे कसं जमतं, ते बघायला मी तिथे गेले होते.

उत्तर आधी कामातच दिसलं. गहू तीन दिवस भिजत घालायचा आणि रोज पाणी बदलायचं. मग वाटायचा, पाण्यात चोळून चोळून गाळायचा आणि चोथा बाजूला काढायचा. गाळलेलं दुधासारखं पाणी रात्रभर ठेवलं की चीक तळाशी बसतो. वर आलेली निवळ अलगद ओतून टाकायची. इथवरचं काम एक बाई रेटून नेऊ शकते. चीक शिजवायला घेतला की मात्र एकटीचे हात कमी पडतात. उकळत्या आधणात एकीने चीक धारेने ओतायचा आणि त्याच क्षणी दुसरीने लाकडी दांड्याने ढवळत राहायचं. हात थांबला की गुठळी झालीच. चीक शिजला की त्याला काचेसारखी चकाकी येते. मग तो गरम असेपर्यंतच कुरडई पडते. गार झाला की घट्ट होतो, सोऱ्या दाबता दाबवत नाही, तार तुटते. म्हणून तिसरी सोऱ्या भरते आणि चौथी कागदावर गोल फिरवत कुरडया पाडत जाते.

“एकटीनं कुरडया व्हत्यात का?” ढवळणाऱ्या आक्कांनी मान वर न करता विचारलं. “आज मी हिच्याकडं, उद्या ती माझ्याकडं. शेतात पैरा करतो तसाच ह्यो पैरा.”

पैरा हा शब्द आपल्या शेतीतला. आज तुझ्या खुरपणीला मी, उद्या माझ्या काढणीला तू. यात पैसा फिरत नाही, दिवस फिरतो. देण्याघेण्याचा हिशोब मात्र पक्का असतो आणि तो गावाला ठाऊक असतो. पैरा बुडवणाऱ्याच्या बांधावर पुढच्या वर्षी कुणी जात नाही.

अंगणातला हा पैरा बाजारात टिकत नव्हता. गेल्या हिवाळ्यात मी या चौघींबरोबर एका प्रदर्शनाला गेले होते. ओळीने चार टेबलं, चारींवर कुरडया. दुपारी एका गिऱ्हाइकाने पहिल्या टेबलावर भाव विचारला आणि दुसरीला म्हणाला, “पलीकडे कमी सांगितलाय.” तिने किलोमागे वीस रुपये उतरवले. ते ऐकून तिसरीने आणखी उतरवले. संध्याकाळपर्यंत पहिलीही खाली आली. चौघींचा माल संपला. परतीच्या टेम्पोत बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी आक्का म्हणाल्या, “माल तर गेला गं, पण पदरात काय पडलं?”

तो प्रश्न त्यांच्या बचत गटाच्या पुढच्या बैठकीत आला. बचत गटांची पंचसूत्री ग्रामीण भागातल्या बायकांना तोंडपाठ असते: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि नियमित लेखे. या पाचव्या सूत्राने चौघींना सोडवलं. प्रत्येकीने आपली वही आणली. गहू, दळणावळ, सरपण, पिशव्या, टेम्पोचं भाडं, सगळं मांडलं. घेतलेला गहू आणि वाळलेली कुरडई दोन्ही तराजूत घातली, तेव्हा चोथ्यात किती वजन जातं ते डोळ्यांपुढे आलं. सगळ्यात मोठी गोष्ट त्यानंतर उघड झाली. स्वतःच्या मजुरीचा रकाना चौघींच्याही वहीत कोरा होता. भाव उतरवताना प्रत्येकीने आपल्या कष्टाचे पैसे सोडून दिले होते, आणि शेजारणीलाही सोडायला लावले होते.

त्या दिवशी मजुरी धरून एक आकडा निघाला. त्याखाली कुणी विकायचं नाही, त्याच्या वर ज्याची त्याची चव आणि ज्याचं त्याचं नशीब. टेबलांवरचा मालही त्यांनी वाटून घेतला. एकीने साध्या कुरडईवर भर द्यायचा, दुसरीने नाचणीच्या पापडांवर, तिसरीने शेवयांवर. चौथीने भुसवड्या पुढे आणल्या. कुरडईच्या चोथ्यापासून होणारा हा पदार्थ शहरातल्या टेबलावर फारसा दिसत नसे. आता तिचं गिऱ्हाईक तो नाव घेऊन मागतं.

एवढ्याने सगळं सुरळीत झालं, असं मी लिहिणार नाही. एका दुकानाची मोठी मागणी चौघींनी वाटून घेतली आणि एकीच्या कुरडया नीट वाळलेल्या नव्हत्या म्हणून सगळाच माल परत आला. त्यावरून कडाक्याचं भांडण झालं. पंधरा दिवस अबोला होता. त्या भांडणातून जी रीत निघाली, ती मला फार मोलाची वाटते. आता पाकिटं भरण्याच्या आदल्या दिवशी चौघींची एकेक कुरडई एकाच कढईत तळतात. खडखडीत वाळलेली कुरडई कडकडीत तेलात पडताक्षणी फुलते. ओल राहिलेली मध्ये कडक राहते. आपली कुरडई आपण तपासायची नाही, दुसरीने तपासायची. नापास झाली तर पुन्हा उन्हात. मी बघत असताना एकीची परत गेली. तिने काही न बोलता ताट उचललं आणि ती गच्चीकडे निघाली.

ही शहाणीव नवी नाही. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तेच पुढे लिज्जत पापड झाले. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत, हलकी प्रत स्वस्तात विकता यावी म्हणून. त्यांचे मार्गदर्शक छगनबापा यांनी सांगितलं, प्रत एकच ठेवा आणि तिच्यात तडजोड करू नका. आजही लिज्जतच्या भगिनी पीठ घरी नेतात, पापड लाटून आणतात आणि वजनावर मजुरी घेतात. हजारो हातांचा पापड एकाच चवीचा राहतो तो मापामुळे आणि तपासणीमुळे. नुसत्या गोडव्यावर एवढा धंदा चालला नसता.

आपल्या गटांची घडी मात्र अर्धीच बसलेली आहे. नाबार्डने १९९२ मध्ये ५०० गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग केला. राज्यात २०११ पासून ‘उमेद’ अभियान आलं, गटांचे ग्रामसंघ झाले, ग्रामसंघांचे प्रभागसंघ झाले. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत गटातल्या सदस्याला ४० हजार रुपयांपर्यंत बीजभांडवलाची सोय झाली. पैसा उभा करण्याची वाट तयार झाली. पण बचत एकत्र, कर्जाची जबाबदारी एकत्र आणि विक्रीला मात्र एकटी, असं बहुतेक ठिकाणी दिसतं. ज्या शेजारणीचा भाव मी पाडते, ती माझ्याच गटातली कर्जदार असते. तिचा हप्ता थकला तर बँकेच्या दारात माझ्या गटाची पत जाते. तिला पाडून मी उभी राहू शकत नाही, हे गणित या चौघींना वहीतून कळलं.

स्पर्धा वाईट असं मला अजिबात म्हणायचं नाही. त्या अंगणात स्पर्धा आहेच. कुणाची तार बारीक, कुणाची कुरडई जास्त पांढरी, यावर सकाळभर टोमणे चालतात आणि त्यातूनच हात सुधारतो. स्पर्धा चवीत हवी, सफाईत हवी, नव्या पदार्थात हवी. मजुरीला मात्र तिने हात घालू नये. चवीत चुरस आणि भावात एकी, हा मला या धंद्याचा खरा नियम वाटतो.

नऊ वाजता ऊन तापलं. कागदभर कुरडया मांडून झाल्या होत्या. पातेल्याच्या तळाचा गरम चीक दूध-साखर घालून पोरांच्या वाट्यांत गेला. चौघींनी चहा घेतला, उद्या कुणाकडे ते ठरवलं आणि आपापल्या घरच्या स्वयंपाकाला निघाल्या.

वाचकांना एवढीच विनंती आहे. भीमथडी जत्रेत, महालक्ष्मी सरसमध्ये किंवा तुमच्या गावच्या प्रदर्शनात अशा टेबलांसमोर उभे राहाल, तेव्हा चव जरूर पारखा, आवडली नाही तर पुढे जा. पण “पलीकडे कमी आहे” हे वाक्य उच्चारू नका. त्याची किंमत किलोमागे वीस रुपये असते, आणि ती कुणा बाईच्या पहाटेच्या मजुरीतून जाते.