मागणी नोंदली, पुढे काय?

सिंगापूरच्या क्वीन्सटाउनमध्ये मार्गारेट ड्राइव्हवर ३० एप्रिल १९७० रोजी तेव्हाचे पंतप्रधान ली क्वान यू यांच्या हस्ते वाचनालय सुरू झालं. त्या देशातलं हे पहिलं पूर्णवेळ शाखा-वाचनालय. देशाच्या अधिकृत भाषा मलय, मँडरिन, तमिळ आणि इंग्रजी. मराठीचा त्यांत नंबर नाही. मग त्या वस्तीतल्या एखाद्या दृष्टिहीन मराठी माणसाला पु. ल. वाचावेसे वाटले, तर वाट मुंबई-पुण्याकडेच वळते.

कायद्याची आडकाठी केव्हाच दूर झाली आहे. २०१२च्या दुरुस्तीने भारतीय कॉपीराइट कायद्यात अपंग वाचकांसाठी सुगम प्रती काढण्याची मुभा आली. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात २००३ साली सुरू झालेलं दृष्टिहीनांचं संसाधन केंद्र त्यासाठी झगडणाऱ्यांपैकी एक. दृष्टिहीनांना सुगम पुस्तकं मिळावीत यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मराकेश करारावर मान्यतेची मोहोर सर्वांत आधी उमटवली भारताने, २०१४ साली. पुढच्याच वर्षी सिंगापूरही त्यात आलं. ३० सप्टेंबर २०१६ला करार लागू झाल्यापासून एका देशात तयार झालेली सुगम प्रत अधिकृत संस्थांमार्फत दुसऱ्या देशात धाडता येते.

पण प्रत आधी तयार तर व्हायला हवी!

सुगम प्रत करणाऱ्या संस्थेकडे मागणी आली की पहिलं काम स्कॅनिंगचं नाही, शोधाशोधीचं. हे पुस्तक आधीच कुणी केलंय का? ऑगस्ट २०१६मध्ये सुरू झालेलं ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन वाचनालय इथे कामी येतं. डेझी फोरम ऑफ इंडियाच्या सभासद संस्था आपापली पुस्तकं तिथे एकत्र ठेवतात, त्यामुळे एकाच पुस्तकावर दोघांनी घाम गाळायची वेळ टळते. पुस्तक नसेल तर मागणीची नीट नोंद हवी: आवृत्ती कोणती, ब्रेल हवं की ध्वनिरूप, परीक्षा कधी. आवृत्ती चुकली तर वर्गात ‘पान ४२ उघडा’ म्हटल्यावर विद्यार्थी भलत्याच धड्यावर पोहोचतो. परीक्षा तोंडावर असेल तर पहिली प्रकरणं आधी देऊन मोकळं व्हावं. साहजिकच अभ्यासक्रमाची पुस्तकं पुढे सरकतात आणि कादंबरी मागे पडते. हिशेब बरोबर आहे, तरी निव्वळ गंमत म्हणून वाचणाऱ्यावर त्यात अन्याय होतोच.

खरा वेळ खातं ते मुद्रितशोधन. स्कॅन केलेल्या पानातून मजकूर उचलताना यंत्र ‘भ’ला ‘म’ समजतं, ‘ध’ला ‘घ’. ‘भरण’चं ‘मरण’ होतं. ‘दऱ्या’तल्या ‘ऱ’चा रफार झाला की सह्याद्रीत ‘दर्या’ अवतरतो. दोन्ही शब्द शुद्ध, म्हणून शुद्धलेखन तपासणारी प्रणालीही गप्प. ऐकणाऱ्याला मात्र संगणक तो समुद्र ठणकावून वाचून दाखवतो. मूळ पुस्तक शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहणारा माणूस इथे लागतोच. तक्ते, नकाशे यांचं वर्णन लिहायचं ते वेगळंच.

गंमत अशी, की हा सगळा मजकूर प्रकाशकाने एकदा टाइप करून घेतलेला असतोच. तो बहुधा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये असतो. दुसऱ्या संगणकावर उघडला की रोमन अक्षरांचा नुसता काला. रूपांतर करता येतं, पण मग पुन्हा तपासणी आलीच.

तेव्हा मराठी प्रकाशकांना एवढंच सांगणं: नवं पुस्तक छापायला पाठवाल त्या दिवशी त्याची युनिकोड फाइल जपून ठेवा, आणि सुगम प्रतीसाठी संस्था मागायला आली की देऊन टाका.