गाव सोडायची सोय

ऑक्टोबर २०१९ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं. वादाला सुरुवात झाली ती एका जुन्या छायाचित्रावरून. १९३६ साली हॅम्बुर्गच्या गोदीत कामगारांची गर्दी नाझी सलाम ठोकतेय आणि त्यात एकच माणूस हाताची घडी घालून उभा आहे, असं ते छायाचित्र. पुढच्या काही दिवसांत बऱ्याच भारतीय मंडळींनी निषेध म्हणून ‘मॅस्टोडॉन’ नावाच्या, तोवर फारशा कुणी न ऐकलेल्या ठिकाणी खाती उघडली. त्यातले बरेचजण हळूहळू ट्विटरवर परतलेही. २७ ऑक्टोबर २०२२ रोजी इलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलरना ट्विटर विकत घेतलं, तेव्हा जगभरातून तशीच लाट आली. मग ‘ब्लूस्काय’ या दुसऱ्या माध्यमाचा बोलबाला झाला. दर वेळी प्रश्न एकच असतो: आपणही जावं का तिकडे? आणि दर वेळी त्याला जोडून तेच समज फिरत राहतात.

गैरसमज १: ‘विकेंद्रित’ म्हणजे क्रिप्टोचीच भानगड.

वस्तुस्थिती: सगळं एकाच मालकाच्या हाती एकवटू नये अशी रचना असलेल्या या माध्यमांना ‘विकेंद्रित’ म्हणतात. हा शब्द बिटकॉइनवाल्यांनी इतका वापरला की ऐकताक्षणी लोक खिसा चाचपतात. पण मॅस्टोडॉन किंवा ब्लूस्काय ब्लॉकचेनवर चालत नाहीत. तिथे टोकन नसतं, नाणं नसतं, खातं फुकट उघडतं. स्टीमिटसारखी ब्लॉकचेनवर उभी असलेली समाजमाध्यमं आहेत, पण त्यांचं कूळ वेगळं. बोलायला सुरुवात करण्याआधीच कुणी नाणी विकत घ्यायला सांगत असेल, तर तिथूनच मागे फिरावं.

गैरसमज २: मॅस्टोडॉन ही एक वेबसाइट आहे, आणि सर्व्हर चुकला की माणूस अडकला.

वस्तुस्थिती: जर्मनीतल्या ऑयगेन रोच्को यांनी २०१६ मध्ये आणलेलं मॅस्टोडॉन हे खरं तर सॉफ्टवेअर आहे. ते कुणीही आपल्या सर्व्हरवर बसवू शकतं: विद्यापीठ, हौशी मित्रमंडळ, एकटा माणूससुद्धा. असे हजारो सर्व्हर आहेत, प्रत्येकाचा चालक वेगळा, नियम वेगळे. त्यांना जोडतो तो ‘अ‍ॅक्टिव्हिटीपब’ हा प्रोटोकॉल. वेबचे मानदंड ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. छायाचित्रांसाठीचं पिक्सेलफेड आणि व्हिडिओंसाठीचं पीअरट्यूब हीच भाषा बोलतात. या सगळ्या गोतावळ्याला ‘फेडिव्हर्स’ म्हणतात.

फोन लावताना समोरच्याचं सिम कोणत्या कंपनीचं आहे हे आपण विचारत नाही, तसंच इथेही. फरक दिसतो तो फक्त पत्त्यात. इथल्या पत्त्यात आधी तुमचं नाव येतं, मग सर्व्हरचं. आपल्या आडनावांत गावाच्या नावाला ‘कर’ लागतं आणि माणसाबरोबर गावही कळतं, तशातला हा प्रकार.

आणि गाव बदलता येतं. नव्या सर्व्हरवर खातं उघडून तिथे जुना पत्ता नोंदवायचा, मग जुन्या खात्यात नवा पत्ता आणि पासवर्ड टाकून ‘हलवा’ म्हणायचं. तुमचे फॉलोअर सहसा आपोआप नव्या पत्त्यावर येतात. तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांची यादी फाइलमधून उतरवून नव्या घरी चढवावी लागते. मात्र जुन्या पोस्ट मागेच राहतात. त्यांची प्रत उतरवून ठेवता येते, नव्या खात्यावर लावता येत नाही. शिवाय एकदा हलल्यावर तीस दिवस पुन्हा हलता येत नाही. थोडक्यात, माणसं बरोबर येतात, भिंतीवर लिहिलेलं भिंतीवरच राहतं.

गैरसमज ३: मालक नाही म्हणजे लगामही नाही.

वस्तुस्थिती: मालक नाही असं नाही, मालक पुष्कळ आहेत. २०१९ मध्ये अतिउजव्यांचा अड्डा म्हणून ओळखलं जाणारं ‘गॅब’ मॅस्टोडॉनच्या सॉफ्टवेअरवर आलं. सॉफ्टवेअर मुक्त असल्याने त्याला अडवणं कुणाच्याच हातात नव्हतं. पण मोठ्या संख्येने सर्व्हरांनी आणि काही अ‍ॅपनीही त्याच्याशी संबंध तोडले. गॅब चालू राहिलं, पण बाकीच्या गावांनी त्याला वाळीत टाकलं.

वाळीत टाकणं म्हटलं की आपल्याला त्याची दुसरी बाजूही आठवायला हवी. सर्व्हरचा चालक ढिसाळ निघाला आणि इतरांनी त्या सर्व्हरचं दार बंद केलं, तर तिथल्या साध्या माणसांचाही संपर्क तुटतो, काही दोष नसताना. हेच या रचनेचं बळ आणि हाच तिचा जाच.

कायद्यातून सुटका नाहीच. भारताच्या २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या माध्यमांवर जादा जबाबदाऱ्या आहेत. म्हणून छोट्यांना सगळंच माफ आहे असं नव्हे. आणि लिहिणाऱ्याची जबाबदारी सर्व्हर कितीही छोटा असला तरी लिहिणाऱ्याचीच.

गैरसमज ४: बड्या कंपनीचा डोळा नाही, म्हणजे इथलं बोलणं खासगी.

वस्तुस्थिती: जाहिरातींसाठी तुमचा माग काढणारी यंत्रणा मॅस्टोडॉनमध्ये नाही, हे खरं. पण तिथल्या ‘खासगी’ पोस्ट टोकापासून टोकापर्यंत सांकेतिक नसतात. सर्व्हर चालवणाऱ्याने ठरवलं तर तो त्या वाचू शकतो.

त्याहून मोठी गंमत म्हणजे, मैत्रिणीला खासगीत लिहिताना तिसऱ्या कुणाचा पूर्ण पत्ता टाकला, तर तो संदेश त्या तिसऱ्या माणसालाही पोहोचतो. तिथे ‘खासगी’चा अर्थ ‘ज्यांचा उल्लेख केला त्यांच्यापुरतं’ असा आहे. ज्याच्याबद्दल कुजबुज करायची त्याच्याच दारात चिठ्ठी जाऊन पडते.

पुसण्याचंही तसंच. तुमच्या पोस्टच्या प्रती फॉलोअरांच्या सर्व्हरवर गेलेल्या असतात. तुम्ही पोस्ट काढली की त्या सगळ्यांना ‘काढा’ असा निरोप जातो. बहुतेक तो पाळतात, पण सक्ती कुणावर नाही. गुपितं सांगायची तर सिग्नल हे अ‍ॅप बरं.

गैरसमज ५: विकेंद्रित जाळं कधी बंद पडत नाही.

वस्तुस्थिती: जाळं पडत नाही, सर्व्हर पडतात. चालक थकतो, देणग्या आटतात, भांडणं विकोपाला जातात. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘क्वीअर डॉट एएफ’ हा सर्व्हर बंद पडला. ‘डॉट एएफ’ ही अफगाणिस्तानची ओळख, आणि तालिबानच्या मंत्रालयाने ते नावच रद्द केलं. पत्त्याचं नाव दुसऱ्याच्या हाती असलं की असंही होतं.

पण तुलना करून पाहा. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी मिटलं. मराठीसह अनेक भारतीय भाषांत चालणारं ‘कू’ जुलै २०२४ मध्ये बंद झालं. दोन्ही ठिकाणी फॉलोअर आणि मित्र उचलून दुसरीकडे नेण्याचा मार्ग नव्हता, कारण दुसरीकडे ती भाषाच कुणी बोलत नव्हतं. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत नाव हवं असेल, तर सर्व्हरला बंद होण्याआधी किमान तीन महिने सूचना देण्याचं वचन द्यावं लागतं. तीन महिन्यांत बिऱ्हाड हलवता येतं.

गैरसमज ६: ब्लूस्काय आणि मॅस्टोडॉन एकच.

वस्तुस्थिती: ब्लूस्कायची कल्पना २०१९ मध्ये ट्विटरच्याच घरात, जॅक डॉर्सी यांच्या काळात निघाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते सर्वांना खुलं झालं, आणि त्याच वर्षी मे महिन्यात डॉर्सी त्याच्या संचालक मंडळातून बाहेर पडले. त्याचा ‘एटी प्रोटोकॉल’ वेगळा आहे, त्यामुळे मॅस्टोडॉनशी थेट बोलणं होत नाही, मध्ये दुभाष्या लागतो.

खात्याची माहिती स्वतःच्या सर्व्हरवर ठेवण्याची आणि स्वतःचं डोमेन हेच नाव म्हणून वापरण्याची सोय तिथे चांगली आहे. पण बहुसंख्य खाती आजही कंपनीच्याच यंत्रांवर आहेत. दार आहे, उघडतंही, पण त्यातून बाहेर पडलेले थोडे. ते कायम उघडं राहील की नाही हे पुढच्या काही वर्षांत दिसेल.

गैरसमज ७: तिकडे शुकशुकाट असतो.

वस्तुस्थिती: पहिल्या दिवशी असतोच. मॅस्टोडॉनची मुख्य टाइमलाइन वेळेनुसार चालते, तुमच्यासाठी काही वेचून आणणारा अल्गोरिदम तिथे नाही. कुणाला फॉलो केलं नाही तर काहीच दिसत नाही, आणि लोक दोन दिवसांत ‘इथे कुणीच नाही’ म्हणून निघून जातात. युरोपियन कमिशनचा आणि जर्मन सरकारचा तिथे स्वतःचा सर्व्हर आहे. शास्त्रज्ञ, प्रोग्रॅमर, ग्रंथपाल, पक्षिनिरीक्षक भरपूर सापडतात. माणसांप्रमाणे हॅशटॅगही फॉलो करता येतात. पोस्ट टाकताना भाषा ‘मराठी’ निवडली, तर भाषेनुसार गाळणी लावणाऱ्यांपर्यंत ती नीट पोहोचते. तरीही मराठीची गर्दी फेसबुकवर आहे, हे मान्य करायला हवं.

मग जावं का? घरगुती खाणावळ चालवणाऱ्या बाईंचं गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्रामवर असेल, तर त्यांनी इकडे वेळ घालवू नये. लिहिणाऱ्यांनी, संशोधकांनी, एखाद्या विषयाचा नाद असलेल्यांनी मात्र महिनाभर राहून पाहावं. जुनं खातं बंद करायची घाई नको. वीसेक माणसं शोधावीत, त्यांच्याशी बोलावं, आणि महिन्याने पाहावं की आपण तिकडे आपसूक वळतो का.

सर्व्हर निवडण्याआधी त्याचं ‘आमच्याविषयी’ हे पान वाचावं. कोण चालवतं, पैसा कुठून येतो, चालवणारा एकटाच आहे की जोडीला कुणी आहे, एवढं तिथे सहसा लिहिलेलं असतं. आवडलं आणि परवडलं तर थोडी वर्गणीही द्यावी. जाहिराती नसलेल्या गावात दिवाबत्तीचा खर्च गावकऱ्यांनाच वाटून घ्यावा लागतो.