बेरीज चौसष्ट, तरीही अनुत्तीर्ण!
साहित्याच्या प्रथम वर्षाचे गुण कसे मोजले जातात?

ठाणे, प्रतिनिधी – लेखी परीक्षेत ६० पैकी ५० गुण, अंतर्गत मूल्यमापनात ४० पैकी १४, एकूण ६४ आणि शेरा मात्र अनुत्तीर्ण. बारावीनंतर मराठी, हिंदी वा इंग्रजी साहित्य हा मुख्य विषय घेऊन ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या महाविद्यालयांत दाखल होणाऱ्या विद्यार्थ्यांना पहिल्या सत्राच्या गुणपत्रिकेत असा धक्का बसू शकतो. घरची मंडळी बेरीज पुन्हा करून पाहतात. पण चूक बेरजेत नसते, नियम निराळा असतो.

मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून नव्या शैक्षणिक धोरणानुसार प्रथम वर्ष सुरू झाले. स्वायत्त महाविद्यालयांनी ते वर्षभर आधीच स्वीकारले होते. या रचनेत १०० गुणांपैकी ६० गुण सत्रान्त लेखी परीक्षेला आणि ४० गुण सत्रभर चालणाऱ्या अंतर्गत मूल्यमापनाला आहेत. दोन्ही भागांत स्वतंत्रपणे ४० टक्के मिळवावे लागतात. म्हणजे लेखी परीक्षेत किमान २४ आणि अंतर्गत भागात किमान १६. पेपर ५० गुणांचा असेल तर हेच आकडे अनुक्रमे १२ आणि ८ होतात. एका भागातील कमाई दुसऱ्या भागाच्या तोट्यात वळती करता येत नाही.

बारावीपर्यंतचा अनुभव नेमका उलटा असतो. तेथे भाषा विषयाला ८० गुणांची लेखी परीक्षा आणि २० गुणांची तोंडी वा अंतर्गत परीक्षा असते, उत्तीर्ण होण्यास ३५ गुण पुरतात, आणि ते २० गुण हातात पडल्यासारखेच आहेत असे बहुतेकांनी गृहीत धरलेले असते. तीच समजूत महाविद्यालयात आली की घोटाळा होतो.

हे सूत्र मुंबई विद्यापीठाला नवे नाही. २०११-१२ मध्ये श्रेयांक आणि श्रेणी पद्धत आली तेव्हाही ६० आणि ४० अशीच विभागणी होती. अंतर्गत गुण सढळ हाताने वाटले जातात, ही तक्रार तेव्हा सर्रास ऐकू येत असे. पुढे प्रमाण ७५ आणि २५ वर आले आणि त्यानंतर पारंपरिक कला शाखेत पूर्ण १०० गुणांची लेखी परीक्षा परतली. आता चक्र पुन्हा मूळ जागी आले आहे. त्यामुळे ज्यांची मोठी भावंडे पाच-सहा वर्षांपूर्वी याच शाखेतून पदवीधर झाली, त्यांनी घरातला सल्ला जरा जपूनच घ्यावा.

प्रथम वर्षाच्या प्रत्येक सत्रात २२ श्रेयांक असतात. त्यांपैकी मुख्य विषयाचे फक्त सहा; एक पेपर चार श्रेयांकांचा, दुसरा दोनचा. उरलेले श्रेयांक खुले ऐच्छिक विषय, कौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली यांत वाटलेले असतात. लेखी विषयाच्या एका श्रेयांकामागे १५ तासांचे अध्यापन गृहीत धरलेले असते. सरासरी काढताना पेपरचे वजन श्रेयांकावर ठरते. चार श्रेयांकांच्या पेपरला ए श्रेणी म्हणजे ८ अंक आणि दोन श्रेयांकांच्या पेपरला बी श्रेणी म्हणजे ६ अंक मिळाले, तर ३२ आणि १२ मिळून ४४ होतात; त्यास सहाने भागले की ७.३३ येतात. श्रेण्या उलट पडल्या असत्या तर उत्तर ६.६७ आले असते. साहित्याचा मोठा पेपर दुर्लक्षून छोट्या पेपरांवर भर देणे किती महागात पडते, ते यावरून दिसते.

अंतर्गत भागात चाचणी, स्वाध्याय, सादरीकरण, प्रकल्प, सर्जनशील लेखन असे प्रकार असतात. खरी अडचण साहित्याची येथेच आहे. कवितेचा आशय सांगणे हे बारावीत पुरेसे उत्तर होते. पदवीच्या वर्गात अपेक्षा असते ती कवितेच्या रचनेबद्दल, प्रतिमेबद्दल, काळाबद्दल स्वतःच्या शब्दांत काही म्हणण्याची, आणि त्या म्हणण्याला पाठ्यकृतीतून आधार देण्याची. कादंबरीवरील प्रश्नाला कथानकाचा सारांश लिहून चार पाने भरली तरी परीक्षकाला जे हवे ते त्यात नसते. व्यक्तिरेखा तशी का वागते, निवेदक कोण आहे, लेखकाने कथा याच क्रमाने का सांगितली, यावर दोन परिच्छेद लिहिले तर ते अधिक मोलाचे ठरतात. बाजारात मिळणारी मार्गदर्शके सारांश उत्तम देतात. दुर्दैवाने बाकी काही देत नाहीत. अलीकडे संगणकाकडून लिहून घेतलेल्या स्वाध्यायांची त्यात भर पडली आहे. एकाच वळणाची वाक्ये दहा वह्यांत दिसली की शिक्षकाला फार तपास करावा लागत नाही. सादरीकरणानंतर विचारलेल्या एखाद्या साध्या प्रश्नात उरलेले उघड होते.

अंतर्गत गुणांचा आणखी एक पैलू आहे, आणि तो विद्यार्थ्यांच्या दृष्टीने अधिक नाजूक आहे. लेखी उत्तरपत्रिका पुन्हा तपासून घेण्याची सोय असते. वर्गात दहा मिनिटे झालेल्या सादरीकरणाची फेरतपासणी कशी करणार? म्हणून गुण कोणत्या निकषांवर दिले जाणार, हे सत्राच्या आरंभीच लेखी स्वरूपात जाहीर करणे आणि सत्रान्त परीक्षेपूर्वी मिळालेले गुण विद्यार्थ्यांना दाखवणे, हीच खरी न्याय्य पद्धत. जेथे हे होत नाही तेथे विद्यार्थ्यांनी विभागप्रमुखांकडे ते मागावे. त्यात उद्धटपणा काही नाही.

हजेरीचे प्रमाण ७५ टक्के हवे, हा विद्यापीठाचा नियम सर्वांना तोंडपाठ असतो. मात्र टिटवाळा, बदलापूरहून लोकलने येणाऱ्या मुलांसाठी पावसाळ्यातील दिवसच चाचण्यांचे असतात. रुळांवर पाणी साचून चाचणी चुकली तर दुसऱ्याच दिवशी अर्ज देऊन पर्यायी चाचणीची विनंती करावी. महिन्याभराने केलेल्या विनंतीला वजन राहत नाही.

ठाण्याचे जोशी-बेडेकर किंवा कल्याणचे बिर्ला महाविद्यालय स्वायत्त आहे. पदवी मुंबई विद्यापीठाचीच मिळत असली तरी अभ्यासक्रम, प्रश्नपत्रिका आणि अंतर्गत गुणांची वाटणी अशी महाविद्यालये स्वतः ठरवतात. त्यामुळे शेजारच्या महाविद्यालयातील मैत्रिणीची टिपणे वापरताना पाठ्यकृती तीच आहे ना, एवढे आधी पाहावे. प्रथम वर्षाच्या परीक्षा संलग्न महाविद्यालयेही स्वतःच घेतात, हेही लक्षात ठेवण्याजोगे. वेळापत्रक आणि निकालाची चौकशी कलिन्याला नव्हे, महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात करायची असते.

लेखी परीक्षेत अपयश आले आणि अंतर्गत भागात यश मिळाले असेल, तर अंतर्गत गुण कायम राहतात आणि फक्त लेखी परीक्षा पुन्हा द्यावी लागते. प्रथम वर्षाअखेर ४४ श्रेयांक जमवून शिक्षण थांबवायचे झाल्यास आणखी चार श्रेयांकांचे काम पूर्ण करून प्रमाणपत्र घेता येते. मिळवलेले श्रेयांक शैक्षणिक श्रेयांक पेढीत विद्यार्थ्याच्या नावे जमा होतात. त्यासाठी लागणारे खाते प्रवेशाच्या वेळीच उघडावे आणि त्यावरील नाव बारावीच्या गुणपत्रिकेशी अक्षरशः जुळते की नाही, ते तपासून घ्यावे.