एकवीस नमुने, एक सर्व्हर

सातबाऱ्यावरचं कुठलंही नाव एकटं उभं नसतं. नावाच्या शेजारी एक छोटा आकडा असतो, फेरफाराचा. जळकोट तालुक्यातल्या एखाद्या शेताचा उतारा हातात घ्या, मग ते बालाघाटाच्या माळावरचं बरड असो की तिरू नदीकाठची काळी, आणि त्या आकड्याचा माग काढा. तो तुम्हाला गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत नेतो. हे नाव इथं कशानं लागलं ते तिथं कळतं: खरेदीनं, वाटणीनं, की वडील वारल्यावर वारस म्हणून. वारस म्हणून लागलं असेल तर पुढं नमुना सहा-क, वारस नोंदवही. गटाचं क्षेत्र मुळात किती होतं हे बघायला नमुना एक, आकारबंद. एकाच खातेदाराची गावात कुठं कुठं जमीन आहे हे एकत्र बघायला आठ-अ. असे एकूण एकवीस नमुने. त्यातला सातवा हक्काचा आणि बारावा पिकाचा, हे दोन एका कागदावर आले की सातबारा.

मला या रचनेचं जे अप्रूप वाटतं त्याला कारण आहे. एडगर कॉड या संगणकतज्ज्ञानं १९७० साली एक निबंध लिहिला आणि माहिती कशी साठवावी याचा जगभरचा पायाच बदलला. माहितीचे वेगवेगळे तक्ते करा, तक्ते एकमेकांना क्रमांकानं जोडा, म्हणजे तीच गोष्ट दहा ठिकाणी लिहावी लागणार नाही, कल्पना एवढीच. बँकेचं खातं असो की रेल्वेचं आरक्षण, आज बहुतेक सगळं त्यावर चालतं. आणि मुंबई इलाख्यातल्या महसूल अधिकाऱ्यांनी, त्यात अँडरसन यांचं नाव विशेष घेतलं जातं, गावदप्तराचे हे क्रमांकित आणि एकमेकांत गुंतलेले नमुने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच बसवले होते. शाई, टाक आणि रुमालात बांधलेली दप्तरं यांच्या भरवशावर हजारो गावांत जोडलेले तक्ते चालू होते. कॉड यांचा निबंध यायला तेव्हा अजून अर्धशतक होतं.

संस्था आणि समाज यांत माहिती कशी वाहते, याचा अभ्यास करणारी एक स्वतंत्र विद्याशाखाच आहे. तिच्या अभ्यासकांनी एक गोष्ट वारंवार दाखवून दिली आहे: माहितीप्रणाली म्हणजे नुसतं यंत्र नव्हे. नियम, कागद, माणसं, त्यांच्या सवयी आणि त्यांचे अधिकार, हे सगळं मिळून प्रणाली होते. संगणक त्यातला एक भाग, आणि बहुधा सर्वांत शेवटी आलेला. जळकोटचा सातबारा याचं फार सुंदर उदाहरण आहे.

वारसाचीच नोंद घ्या. अर्ज आला की तलाठी फेरफार धरतो. पण नाव लगेच लागत नाही. नोंदीची प्रत चावडीवर लावायची, ज्यांचा संबंध आहे त्यांना नोटीस द्यायची आणि पंधरा दिवस थांबायचं. कोणी हरकत घेतली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, मग तिचा अंमल सातबाऱ्यावर दिला जातो. हे पंधरा दिवस वाया गेलेले वाटतात, पण दप्तरात नसलेलं ज्ञान याच दिवसांत आत येतं. लग्न होऊन अहमदपूरकडं गेलेली बहीण वारसांत आहे की नाही, हे कुठल्याच वहीला ठाऊक नसतं; गावाला ठाऊक असतं. ही मुदत म्हणजे गावाला दिलेली तपासणीची संधी आहे, आणि सॉफ्टवेअर आल्यावरही ती कायम राहिली, याचं मला खरोखर समाधान वाटतं.

आपल्याकडं जमिनीच्या माहितीची व्यवस्था फसल्याचा मोठा प्रयोगही झालेला आहे. १८२७-२८च्या सुमारास पुणे भागात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं शेताशेताचं निव्वळ उत्पन्न काढून त्याच्या ५५ टक्के सारा ठरवायचं मनावर घेतलं. अर्थशास्त्रातला नवाकोरा सिद्धांत हाताशी होता. पण मोजणी अवघड, हाताखालचा कारकूनवर्ग विश्वासार्ह नाही, आकडे चुकीचे. सारा असह्य झाला, शेतकरी जमिनी सोडून गेले आणि योजना गुंडाळावी लागली. १८३५ नंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरातून पुन्हा सुरुवात केली, ती सोप्या रीतीनं: उत्पन्नाचा हिशेब बाजूला ठेवला आणि मातीचा पोत बघून प्रतवारी लावली. साधा कारकून जे नीट करू शकेल तेवढंच मागितलं. ही पद्धत टिकली.

रिचर्ड हीक्स या ब्रिटिश अभ्यासकानं २००३ मध्ये विकसनशील देशांतल्या ई-शासन प्रकल्पांचा अंदाज मांडला: सुमारे ३५ टक्के पूर्ण फसलेले, ५० टक्के अर्धवट फसलेले, फक्त १५ टक्के यशस्वी. कारण सांगितलं ते प्रिंगलला तंतोतंत लागू पडतं. कागदावरची रचना आणि जागेवरची वस्तुस्थिती यांत जेवढं अंतर, तेवढा धोका.

मराठवाड्यात हे अंतर आणखी एका कारणानं वाढलेलं. जळकोटचा हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानातला. शेजारचं उदगीर तेव्हा बिदर जिल्ह्यात होतं. दप्तराची भाषा उर्दू, कुठं मोडी. १९४८ मध्ये संस्थान गेलं, १९५४ च्या सुमारास खासरा पत्रकं, म्हणजे शेतवार नोंदी, झाली, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, पुढं महाराष्ट्र झाला, १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला आणि १९९९ मध्ये जळकोट तालुका. दरवेळी दप्तरं एका कचेरीतून दुसरीकडं गेली. शेत तिथंच राहिलं आणि त्याच्या कागदाचा पत्ता बदलत राहिला. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीनं मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा खासरा पत्रकं, जन्ममृत्यूच्या नोंदी आणि शाळांचे जुने प्रवेश उतारे बाहेर निघाले आणि उर्दू व मोडी वाचणाऱ्यांची एकदम गरज लागली. कुणा कारकुनानं एका रकान्यात एक शब्द लिहिला, तो वेगळ्याच कामासाठी. आणि त्या शब्दावर आज चौथ्या पिढीचा कुणबी दाखला अवलंबून. जेफ्री बाउकर आणि सुझन ली स्टार यांनी १९९९ मध्ये वर्गवारीवर एक आख्खं पुस्तक लिहिलं. रकाने एकदा रुळले की डोळ्याआड होतात, पण माणसांच्या आयुष्यावर त्यांची पकड राहते, हा त्याचा गाभा. मराठवाड्यात ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

संगणकावर सातबारा यायचा तर आधी संगणकाला देवनागरी यायला हवी होती. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि मोहन तांबे यांच्या पुढाकारानं पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेलं जिस्ट हे तंत्रज्ञान त्यासाठी फार मोलाचं ठरलं. भारतीय लिप्यांसाठी १९८८ मध्ये ठरलेल्या इस्की या सांकेतिक पद्धतीची मांडणीच पुढं युनिकोडमधल्या देवनागरीनं घेतली. आपण मोबाइलवर मराठी टंकतो तेव्हा ती वापरत असतो.

मग नोंदी टंकल्या गेल्या, आणि चुका झाल्या. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर अशा तीन खणांत असतं. गावात बोलतात एकर-गुंठ्यात. एक आर म्हणजे ढोबळमानानं एक गुंठा. आता ०.०८.०० लिहिलं तर आठ गुंठे, ०.८०.०० लिहिलं तर जवळजवळ दोन एकर. शून्य इकडचं तिकडं झालं की पावणेदोन एकर रान कागदावर उगवतं किंवा नाहीसं होतं. संगणक यातलं काही पकडू शकतो: सगळ्या खातेदारांच्या क्षेत्राची बेरीज गटाच्या क्षेत्राशी जुळत नसेल तर तो गट संशयित म्हणून यादीत येतो. पण दोन भावांचं क्षेत्र आपापसात उलटंसुलटं लागलं तर बेरीज बरोबरच येते. ती चूक कोण पकडणार?

उत्तर म्हणून जे केलं गेलं ते मला या सगळ्या कहाणीतलं सर्वांत विलक्षण वाटतं. २०१७ मध्ये महाराष्ट्रभर चावडी वाचन झालं. संगणकावरचे सातबारे छापायचे, गावात सगळ्यांना बोलवायचं आणि तलाठ्यानं ते मोठ्यानं वाचायचे. गट क्रमांक, खातेदार, क्षेत्र, इतर हक्कातला बोजा. ऐकणाऱ्यानं सांगायचं, सोसायटीचा बोजा तर कधीच उतरवलाय, नाव चुकलंय, क्षेत्र कमी लागलंय. एवढ्या मोठ्या राज्याच्या डेटाबेसची तपासणी गावानं कानानं केली! हक्कनोंदणी गावासमोर वाचायची रीत जुनीच. नव्या यंत्रासाठी ती पुन्हा कामाला लावली गेली. त्यानंतर १ मे २०१८ पासून तलाठ्याची डिजिटल सही असलेला सातबारा ऑनलाइन मिळू लागला. पंधरा रुपये भरले की पुण्यात कामाला असलेला मुलगाही जळकोटच्या शेताचा उतारा काढतो.

सीमेपलीकडं, बिदरमध्ये, हे काम आधीच झालं होतं. कर्नाटकच्या 'भूमी' प्रकल्पानं २००० सालाच्या आसपास सुमारे दोन कोटी उतारे संगणकावर नेले आणि हातानं लिहिलेले उतारे बंदच करून टाकले. फेरफाराचे अर्ज आले त्याच क्रमानं निकाली काढायचे, मधला अर्ज पुढं ओढता येणार नाही, असं सॉफ्टवेअरमध्येच बसवलं. जगानं त्याचं कौतुक केलं. २००७ मध्ये सॉलोमन बेंजामिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरी बाजू मांडली: गावपातळीवरचा अधिकार तालुक्याला सरकला, आणि बंगळुरूच्या आसपास जमिनीची माहिती एकत्र, सहज मिळू लागल्याचा फायदा मोठ्या खरेदीदारांना जास्त झाला. दोन्ही निरीक्षणं मला खरी वाटतात. माहिती उघडी झाली की ती ज्याला वापरता येते त्याचं बळ वाढतं, आणि ते सगळ्यांचं सारखं वाढत नाही.

आपल्याकडचा पुढचा मोठा बदल बाराव्या नमुन्यात झाला. पीकपाहणी हे पिढ्यान्‌पिढ्या तलाठ्याचं काम. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि नोंद शेतकऱ्याच्या हातात आली. शेतात जायचं, ॲप उघडायचं, गट निवडायचा, सोयाबीन किंवा तूर निवडायची, फोटो काढायचा. फोनला अक्षांश-रेखांश कळतात, त्यामुळं फोटो कुठं काढला तेही नोंदीबरोबर जातं. शेतकऱ्यानं शासनाच्या अभिलेखात स्वतः ओळ लिहायची, ही गोष्ट मुंबई इलाख्यातल्या कुठल्याही अधिकाऱ्याला अशक्य वाटली असती. शोशाना झुबॉफ यांनी १९८८ मध्ये लिहिलं होतं की संगणक काम उरकतो तेवढ्यावर थांबत नाही, कामाबद्दल नवी माहितीही जन्माला घालतो. इथं तेच झालं. कुठल्या गावात किती सोयाबीन, हे हंगामातच दिसू लागलं, आणि विमा, हमीभावाची खरेदी, अनुदान असं एकेक त्या नोंदीला जोडलं जाऊ लागलं.

त्यातून २०२४ चा पेच उभा राहिला. २०२३ च्या खरिपातल्या सोयाबीन आणि कापसासाठी राज्यानं हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरांपर्यंत, असं अर्थसाहाय्य जाहीर केलं आणि आधार धरला ई-पीक पाहणीचा. पण पीक घेऊनही ॲपवर नोंद न झालेले शेतकरी होते. डोंगराच्या कुशीत रेंज नसते, म्हाताऱ्या खातेदाराकडं साधा फोन असतो, शेवटची तारीख निघून जाते. सोयाबीन रानात होतं, काढलं, विकलं, तरी प्रणालीच्या लेखी ते पेरलंच नव्हतं. हीक्स यांनी सांगितलेलं अंतर ते हेच. अखेर सरकारनं अट शिथिल केली: ई-पीक पाहणीत नाव नसलं तरी सातबाऱ्यावर पिकाची नोंद असेल तर मदत मिळेल. नव्या यंत्राची उणीव जुन्या बाराव्या नमुन्यानं भरून काढली.

आता ॲपची नवी आवृत्ती आली आहे आणि फोटो गटाच्या जवळ उभं राहूनच काढावा लागतो. शेतकऱ्यांची मुदत संपल्यावर जे गट उरतात त्यांच्यासाठी गावोगाव सहायक नेमले आहेत. ते उरलेल्या गटांची यादी घेऊन बांधाबांधानं फिरतात आणि पीक बघून नोंद करतात.