मालकाची सही कुणी मागितली?

जुन्या जालन्यात गांधी चमनला सरकारी स्त्री रुग्णालय आहे. पण मूल कधी, किती आणि नको असेल तर काय, याबद्दलचे सरकारी नियम बाईपर्यंत पोचतात ते तिथून नव्हे, तर सासरच्यांच्या आणि गल्लीच्या तोंडून, त्यांची भर पडूनच.

सगळ्यांत पक्का समज म्हणजे गर्भपात हा गुन्हा. त्यालाही कारण आहे. सोनोग्राफी सेंटरच्या भिंतीवर गर्भलिंगनिदान गुन्हा असल्याचा फलक ठळक असतो. फलक खराच, तसा कायदा महाराष्ट्रानं १९८८ मध्ये, देशात सर्वांआधी केला. पण तो पोटात मुलगा की मुलगी हे बघण्याविरुद्ध आहे. गर्भपाताचा कायदा वेगळा, १९७१ चा. त्यात ठरवून दिलेल्या कारणांसाठी २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. बलात्कार, अल्पवय, वैधव्य, घटस्फोट अशा परिस्थितीत २०२१ च्या दुरुस्तीनंतर २४ आठवड्यांपर्यंत, दोन डॉक्टरांच्या मतानं. या कायद्याचा फलक कुणी एवढ्या हौसेनं लावत नाही.

आणि नवऱ्याची सही? सज्ञान बाईची स्वतःची संमती कायद्याला पुरे आहे. नसबंदीलाही जोडीदाराची संमती लागत नाही, असं केंद्राच्या मार्गदर्शक सूचनाच सांगतात. तरी "मालकाला घेऊन या" हे ऐकून बाई घरी परतते आणि इकडे आठवडे वाढत राहतात.

नसबंदीचं ऑपरेशन बाईनंच करायचं, असा नियम कुठेही नाही. पुरुषाची नसबंदी उलट सोपी: जागा बधिर करून थोड्या वेळात उरकते, ताकद जात नाही. पण आणीबाणीतल्या सक्तीनं पुरुष बिथरले आणि पुढे कुटुंबनियोजन कार्यक्रमाचा सगळा भार बायकांवर आला. त्याच आणीबाणीत, १९७६ मध्ये, सक्तीच्या नसबंदीचं विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळानं मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यानं ते बारगळलं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांचं ऑपरेशन झालेलं दिसतं. पुरुषांचा आकडा एक टक्काही नाही.

तिसऱ्या मुलाबद्दलही असेच समज आहेत. पण त्यामुळे रेशन बंद होत नाही, सरकारी दवाखान्यातलं बाळंतपणही मोफतच राहतं. अडतं ते सरकारी नोकरीत आणि ग्रामपंचायतीपासून वरच्या स्थानिक निवडणुकांत. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर निवडून आलेल्याचं पद जातं. मुलासाठी सासरच्यांनी तिसरं बाळंतपण लादलं असेल, तरी महिला राखीव जागेवर निवडून आलेली ती सदस्यच अपात्र ठरते. सासूला कुणी नोटीस काढत नाही.