सामाईक पाणी कोणाचे?

‘सगळ्यांचे ते कोणाचेच नाही,’ असे आपण सहज बोलून जातो. गायरान उजाड झाले, तळे गाळाने भरले, की हेच वाक्य ऐकू येते. गॅरेट हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६८ साली हाच विचार हिशेबाच्या भाषेत मांडला. सामाईक कुरणात एक जनावर जास्त सोडले, तर फायदा सगळा धन्याचा. कुरणाची झीज मात्र साऱ्या गावात वाटली जाते. मग जो तो जनावरे वाढवीत जातो आणि शेवटी कुरणच उरत नाही. हिशेब चोख आहे. पण माणसे एकत्र बसून काही ठरवतच नाहीत, असे त्यात गृहीत धरले आहे.

रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड एकाने घेतला म्हणून दुसऱ्याचा कमी होत नाही. पाण्याचे तसे नाही. एकाने जास्त घेतले की दुसऱ्याचे तेवढे कमी होते. म्हणून पाण्याला नियम लागतो.

असा नियम आपल्याकडे शेकडो वर्षे चालत आला. धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवर बंधारे बांधून पाट काढलेले आहेत. पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार भाग, म्हणजे ‘फड’, पाडलेले असतात. एका फडात एकच पीक घ्यायचे आणि ते आळीपाळीने बदलायचे. पाणी सोडायला पाटकरी, पीक राखायला जागल्या आणि देखरेखीला हवालदार. पाटातला गाळ काढायचा तो शेतकऱ्यांनी मिळून.

यातली खरी मेख पुढेच आहे. शेतकऱ्याची जमीन साधारणपणे प्रत्येक फडात थोडी थोडी असते. पाणी कमी पडले की एखादा फड कोरडा ठेवायचा. त्यामुळे टंचाईचा वाटा सगळ्यांवरच येतो. एकाचा मळा हिरवागार आणि शेजाऱ्याचा करपलेला, असे होत नाही. आपलेही नुकसान होणार हे ठाऊक असले, की माणूस नियम जपून करतो आणि पाळतोही.

स्पेनमधील पाटबंधारे, स्वित्झर्लंडमधील कुरणे यांचा अभ्यास करून एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० साली हेच दाखवून दिले. वापरणाऱ्यांनीच नियम केले, राखणदार नेमला, मोडणाऱ्याला बेताचा दंड ठेवला, तर सामाईक ठेवा टिकतो. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अर्थशास्त्रात हा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री.

मग फड मोडत का चालले? नदीच्या वरच्या अंगाला धरणे झाली, आणि खाली ज्याने त्याने विहीर खणून पंप बसवला. पंप आपला, विहीर आपली, म्हणून पाणीही आपलेच वाटू लागले. पण जमिनीखाली बांध नसतो. शेजाऱ्याने कूपनलिका शंभर फूट खोल नेली, की आपण दीडशे फूट नेतो. कर्ज दोघांच्याही डोक्यावर चढते आणि पाणी दोघांचेही जाते.

डोळ्यांना दिसणारे पाणी आपल्या पूर्वजांनी वाटून घेतले. न दिसणारे पाणी वाटून घेण्याची पाळी आता आपल्यावर आली आहे. त्यासाठी गावाने आधी एकत्र बसले पाहिजे. आणि तेही विहिरी आटण्यापूर्वी.